म्हैस तरी वाचली का?

ती बाई चहाचा कागदी पेला घेऊन आमच्याशी बोलायला आली तेव्हा मी माझ्या नवऱ्याच्या, थविनच्या, सदऱ्याचं वरचं बटण लावत होते. पिक्चर नुकताच सुटला होता. दुपारचे चार वाजले असतील. वऱ्हांड्यात दहाबाराजण उभे होते, आणि काहीतरी जड पाहून आलेली माणसं जशी बोलतात तशी हळू बोलत होती. बाई चाळिशीची, डोळे लाल झालेले, चांगल्या घरची. थविनच्या हातातली पांढरी काठी तिला दिसली नसावी. ती सरळ त्यांनाच म्हणाली, "काका, शेवटी तो पोरगा पाण्याखाली गेला ना, आणि नुसती टोपी भोवऱ्यात फिरत राहिली, मला बाई बघवेना. तुम्हाला कसं वाटलं?" माझी बोटं बटणावरच राहिली. थविननी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं, त्यांचं ते जुनं, नटासारखं हसू हसले आणि म्हणाले, "चांगला होता." मग जरा थांबून, तोंडात नवीन फळाची फोड घोळवावी तसा एकच शब्द म्हणाले, "टोपी."

मी थविनच्या कानात सांगितलेल्या पिक्चरमध्ये टोपी नव्हतीच. माझ्या पिक्चरमध्ये पोरानं म्हशीचं शेपूट घट्ट धरलं होतं, म्हैस पोहत पलीकडे लागली होती, आणि काठावर उभ्या असलेल्या आईनं पोराला आधी एक थोबाडीत मारली होती आणि मग पोटाशी घेतलं होतं. थोबाडीत मी मुद्दाम घातली होती. नुसताच आनंद घातला की थविनना संशय येतो.

भाड्याच्या तांबड्या गाडीतून घरी येताना आम्ही समोरासमोरच्या बाकांवर बसलो. एरवी ते माझ्या शेजारी बसतात. त्या दिवशी गाडीत चढल्यावर त्यांनी हातानं चाचपून समोरचा बाक शोधला, आणि मला वाटलं, चुकून झालं असेल. आमच्या खोनकेन शहरात या वेळेला शाळा सुटतात. दोन पोरी चढल्या आणि आमच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्यांच्या दप्तरांमधून मला थविनचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता, एकदा हनुवटी, एकदा कपाळ. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचा दुसराही डोळा नेला तेव्हापासून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिजे तितका वेळ बघत बसते. आपल्याकडे कुणी बघतंय हे त्यांना कळत नाही, असं मला वाटायचं.

त्यांना पिक्चरला न्यायला लागले ती तोयमुळे. तोयचं खरं नाव लांबलचक आहे, पण बारशाच्या आधीपासून सगळे तिला तोयच म्हणत असणार. बँकॉकची नोकरी टाकून ती इथं आली आणि शिलाई यंत्रांच्या बंद पडलेल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिनं चव्वेचाळीस खुर्च्यांचं थिएटर काढलं. नोव्हेंबरचा अख्खा महिना रोज दुपारी दोनला एक पिक्चर: पहिला आठवडा शेजारच्या देशांचा, दुसरा खऱ्या माणसांवरच्या पिक्चरचा, तिसरा मुलांचा, आणि चौथा, तिच्या शब्दात, 'जे बघायला कुणीच येत नाही' त्यांचा. पहिल्याच दिवशी मी थविनच्या कानात बोलत होते म्हणून पुढच्या रांगेतला एक माणूस तीनदा मागे वळला आणि शेवटी उठून तोयकडे तक्रार करायला गेला. मला वाटलं, आता ही आम्हाला प्रेमानं बाहेर काढणार. दुसऱ्या दिवशी गेलो तर शेवटच्या रांगेत, खांबाला लागून असलेल्या दोन खुर्च्यांच्या पाठीवर कागद चिकटवलेला: 'बोलणाऱ्यांसाठी राखीव'. मी थविनना तो वाचून दाखवला. ते इतक्या मोठ्यानं हसले की पुढचा माणूस चौथ्यांदा वळला.

घरी आल्यावर मी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक एक शेंग फोडून दाणे वाटीत आणि टरफलं मांडीवरच्या कागदावर टाकायला सुरुवात केली. मी भाजी चिरली, भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. आता विचारतील, आता ओरडतील. थविन ओरडले की मला बरं वाटतं, कारण त्यांना आवाज लागतो, आणि आवाज लागला की राग त्यातच जिरतो. वाटी भरली. त्यांनी ती माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाले, "म्हैस तरी वाचली का?"

"वाचली."

"खरं?"

"खरंच वाचली. काठावर उभी राहून अंग झाडते. बराच वेळ तीच दाखवतात."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. "तू जा," म्हणाले, "मी रेडिओ ऐकतो. रेडिओत बातम्या देणारी बाई तरी माझी कुणी लागत नाही." मी गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. घरात त्यांच्यासमोर बसवत नव्हतं हे एक, आणि सवय हे दुसरं. तोयनं विचारलं, "मावशी, काका कुठायत?" मी म्हटलं, "सर्दी झालीय." तोंडातून निघालं, आणि माझं मलाच कळलं की हे किती सहज निघतं. शेवटच्या रांगेत बसले. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्या पाठीवर तो कागद. पिक्चर सुरू झाला आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलतायत. डावीकडून एक बाई येते, हातात टोपली आहे, ती थांबते. कुणाच्याही कानात जात नव्हतं ते. सांगायचं नसलं तर मला पिक्चर दिसतच नाही, हे त्या दुपारी कळलं. बाई टोपली घेऊन थांबली होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

आमचा धंदाच बोलण्याचा होता. औषधवाल्यांची गाडी गावोगाव फिरायची, देवळाच्या पटांगणात पडदा लावायची, फुकट पिक्चर दाखवायची आणि ऐन रंगात आला की थांबवून जंताचं औषध विकायची. त्या वेळच्या आमच्या फिल्मला आवाज नसायचा. आवाज म्हणजे आम्ही: संवादांची एक वही, एक माइक, थविन आणि मी. सगळे पुरुष त्यांचे: नायक, खलनायक, फौजदार, भिक्षू, भुतं. सगळ्या बायका माझ्या, शिवाय पोरं, कुत्री आणि कोंबड्या. मी एकोणीस वर्षांची असताना त्यांनी मला शिकवलं. लग्नाचं त्यांनी मला कधीच विचारलं नाही. एका गावात नायक नायिकेला मागणी घालतो त्या जागी वहीतलं वाक्य सोडून ते माझं नाव घेऊन बोलले, "लम्दुआन, माझ्याशी लग्न करशील?" पटांगणातल्या कुणाला काही कळलं नाही, नायिकेचं नाव भलतंच होतं. मी वहीतलंच उत्तर दिलं. वहीत 'हो' होतं. त्यानंतर त्यांनी वहीबाहेरचा शब्द कधी काढला नाही. मी काढायचे. एका पिक्चरमध्ये नायिका नायकाच्या मांडीवर प्राण सोडते, आणि समोर बसलेल्या बायका इतक्या रडायला लागल्या की मी म्हटलं, "झोपू द्या मला जरा, दमले मी." टाळ्या पडल्या. पुढच्या रिळात नायक तिच्या अस्थी घेऊन उभा. थविननी माझ्याकडे जळजळीत पाहिलं आणि माइकमध्ये गहिवरून म्हणाले, "हिच्या मावशीच्या अस्थी आहेत या. फार चांगली बाई होती." दोन दिवस माझ्याशी अबोला. "लोकांना जे आहे ते सांगायचं," ते म्हणायचे. "आपण पडद्याचे नोकर, मालक नव्हे."

तिसऱ्या दिवशी मी थिएटरवरून परत आले तर ते स्वयंपाकघरात बसलेले, उखळ पुढ्यात घेतलेलं, कच्च्या पपईचा कीस कुटत. त्यांना सोम-तम करता येतो, डोळे गेल्यावर अजूनच चांगला येतो, कारण चवीला घाबरत नाहीत. मी चप्पल काढली नाही तोच म्हणाले, "किती?"

"काय किती?"

"या महिन्यात आपण किती पिक्चर पाहिले, आणि त्यातले किती मी पाहिले?"

मी दारातच बसले. मनात मोजलं. "अकरा पाहिले. चारांचे शेवट बदलले. एका पिक्चरमधला एक म्हातारा मधेच मेला होता, त्याला मी शेवटपर्यंत जिवंत ठेवला. बोलत नव्हता तसाही, कोपऱ्यात बसायचा."

मुसळ थांबलं. त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत, पण ते हसू दाबत होते. "तरीच," म्हणाले. "तरीच मी म्हणतोय, सगळं घर सुतकात आहे आणि म्हातारा मजेत कसा. बरं, आता नीट सांग. एकेक."

मग मी सांगितलं. मिरची, लसूण, चिंच एकेक हाताशी देत गेले आणि एकेक पिक्चर खरा करत गेले. कोळ्याची बायको परत येत नाही. शाळा बंद पडते, मास्तर एकटाच फळा पुसतो. आणि ते दोघं, ज्यांचं मी स्टेशनवर लग्न ठरवून दिलं होतं, ते एकमेकांना ओळखही न देता निघून जातात. "मला वाटलंच," थविन म्हणाले, "एवढी उदास पेटी वाजत असताना लग्न कसलं ठरवतेस? आवाज तर मला येतो ना गं. वरात आणि ते संगीत, दोन्ही एकदम कसं?" मग हात पुसत म्हणाले, "मी आंधळा आहे, लम्दुआन. मला काय बघायचं ते तू ठरवायला लागलीस तर मी आणखी आंधळा होतो." हे ते ओरडून म्हणाले नाहीत. साध्या, रोजच्या आवाजात म्हणाले, जो आवाज त्यांनी आयुष्यात कुठल्याच पात्राला दिला नाही. मी म्हटलं, "पोरं मरतात ते माझ्यानं सांगवत नाही." हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. चाळीस वर्षांत आम्ही त्या दिशेनं एक शब्द टाकला नव्हता.

आम्हाला मुलगी होती. पिकुन. सात वर्षांची होती, शाळेसाठी माझ्या आईकडे राहायची. एका संध्याकाळी आम्ही कुठल्याशा गावात पडद्याचे बांबू उभे करत असताना आईच्या गावचा कंपाउंडर मोटरसायकलवर आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला की ताप डोक्यात गेला, पहाटेच गेली. थविन पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला दोर आवळत होते, अंगात बनियन, तोंडात खिळे. मी त्यांना सांगितलं नाही. खेळ झाला, औषध विकलं गेलं, उरलेला खेळ झाला, आणि मग सांगितलं. गाडीच्या मालकाला वाटलं मी धंद्याचा विचार केला. लोक म्हणाले बाईचं काळीज दगडाचं. मी कुणाला समजवायला गेले नाही. खरं एवढंच होतं की तीन तास तरी त्यांची लेक जिवंत राहावी असं मला वाटलं. माझी मेलीच होती.

"मला पहिल्याच रिळात कळलं होतं," थविन म्हणाले.

"काय कळलं होतं?"

"काहीतरी झालंय ते. तुझी कोंबडी."

"कोंबडी?"

"अंगणात कोंबडी फिरते, तिथं तू आवाज काढायचीस आणि लोक हमखास हसायचे. त्या दिवशी तू काढलास, आणि एक माणूस हसला नाही. पोरं पण नाहीत." त्यांनी सोम-तम चाखला, पुन्हा थोडं लिंबू पिळलं. "मी तुझ्याकडे पाहिलं. तू वहीत बघत होतीस. तू कधी वहीत बघतेस? मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. म्हणून नाही विचारलं. तेव्हा एकटीनं खोटं बोललीस असं डोक्यात घेऊन बसू नकोस. मीही बोललो, तीन तास. नऊ माणसांच्या आवाजात."

त्यांच्या हातातलं लिंबू मी काढून घेतलं, कारण ते पिळतच राहिले होते. जेवण आंबट झालं. दोघांनी सगळं संपवलं.

महिन्याचा शेवटचा पिक्चर पाहायला ते आले. इस्त्रीचा सदरा घालून, बटणं स्वतः लावून. तोय दारातच म्हणाली, "काका, सर्दी गेली?" थविन मोठ्यानं शिंकरल्यासारखं करून म्हणाले, "जाता जाता गेली." मला कोपर मारलं. तोय म्हणाली, "आजचा फार संथ आहे हां. मागच्या वेळी दाखवला तेव्हा सातजण आले होते, दोघं झोपले." थविन म्हणाले, "मला झोप आली तर कुणाला कळणार आहे?"

आत नऊजण होते. पिक्चर एका आईचा. ती डोंगरातल्या एका गावात रोज बस येते त्या थांब्यावर मुलाची वाट बघते. एवढंच. बोलणं जवळजवळ नाही, म्हणून सगळं मलाच बोलावं लागलं. बाक आहे. बाकाला एक पाय कमी आहे, तिथं विटा रचल्यात. ती डबा उघडते, बघते, मिटते. मी सांगत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की हे अवघड आहे, घालण्यापेक्षा न घालणं अवघड. प्रत्येक बस आली की माझी जीभ वळायची. उतरला म्हणायला काय लागतं? एक माणूस उतरतोही, त्याच्या हातात पिशवीही असते. माझ्या वयाच्या बाईला पंचवीस वर्षांचा मुलगा बसमधून उतरवणं काही कठीण नाही. थविन माझ्याकडे कान करून, मान किंचित खाली घालून बसले होते, माइकपुढे बसायचे तसे.

"बस आली," मी म्हटलं.

"आवाज येतोय. आला?"

"नाही. एक बाई उतरली, कोंबड्यांची पाटी घेऊन."

"आता?"

"बस गेली. धूळ आहे. धूळ खाली बसते."

"ती काय करते?"

"बसलीय. डबा मांडीवर. उघडला तिनं. खातेय."

"स्वतःच खातेय?"

"हो. सगळं खातेय. सावकाश." आवाज मी फुटू दिला नाही, पन्नास वर्षांचं शिक्षण होतं ते. "डबा पुसला. उठली. चालायला लागली. पडदा काळा झाला. नाही आला तो. संपलं."

दिवे लागले. माणसं उठली, दोघं खरंच झोपली होती त्यांना त्यांच्या मित्रांनी हलवलं. तोय झाडू घेऊन दारात आली, आमच्याकडे पाहिलं, आणि झाडू तिथंच टेकवून निघून गेली. खिडक्यांवरचे काळे पडदे कुणीतरी सरकवले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. त्या उजेडात थिएटर म्हणजे नुसती एक खोली होती. भिंतीचा रंग उडालेला, पडद्याला डाव्या कोपऱ्यात ठिगळ. मी हे सगळं त्यांना सांगितलं, सवयीनं. त्यांनी मान हलवली. उठायची घाई नव्हती.

मग म्हणाले, "त्या दिवशी मी वर चढलो नाही."

मला कळलं. माझ्या आईचं घर खांबांवर होतं, सगळ्या घरांसारखं. आम्ही पोचलो तेव्हा सकाळ होती. थविन जिन्यापाशी आले, पहिल्या पायरीवर हात ठेवला, आणि तिथंच घराखाली आईच्या हातमागाजवळ बसून राहिले. दुपारी पिकुनला नेईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. मी खाली आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, कशी दिसते? आणि मी म्हटलं होतं, झोपल्यासारखी. तेव्हा त्यांना दोन चांगले डोळे होते.

"आता सांग," थविन म्हणाले. "जसं आहे तसं."

मी पडद्याकडे तोंड केलं. तसं केल्याशिवाय मला सांगता येत नाही. "खोली छोटी आहे," मी म्हटलं. "उजवीकडे खिडकी, बंद आहे, फटीतून ऊन येतं. मधे चटई. चटईवर ती आहे. निळा फ्रॉक आहे, शाळेचा नाही, जत्रेतला. तो तिला आखूड झालाय. आईनं तिच्या तोंडाला पावडर लावलीय, जास्त झालीय, मानेवर तिचा थर आहे. केसांचा भांग डावीकडून पाडलाय, ती उजवीकडून पाडायची. एक डोळा पूर्ण मिटलेला नाही. ओठ काळे पडलेत, सुकलेत, थोडे उघडे आहेत. ती झोपल्यासारखी दिसत नाही." मी थांबले. त्यांनी मला थांबू दिलं. "मेल्यासारखी दिसते."

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. खाली रस्त्यावर आइसक्रीमवाल्याची घंटा वाजत गेली.

"तोंड उघडं आहे म्हणालीस," ते म्हणाले. "वरचा दात? हलत होता तिचा. निघताना मला दाखवला होता जिभेनं ढकलून. मी म्हटलं होतं, हात लावू नकोस, मी आल्यावर काढू."

मी पाहिलं. चाळीस वर्षांत मी तिकडे पाहिलं नव्हतं, आणि ते तिथंच होतं. "नाहीये," मी म्हटलं. "तिथं जागा आहे, रिकामी. हिरडीतून नव्याची पांढरी कड दिसते. आई म्हणाली होती, तिनंच काढला, दोरा बांधून, दाराला. ताप यायच्या चार दिवस आधी. पूर्ण गल्लीला दाखवून आली होती."

"दाराला बांधून?"

"हो."

"थांबली नाही म्हणजे कार्टी."

"नाही थांबली."

थविन हसले. नायकाचं नव्हे, फौजदाराचं नव्हे, कुणाचंच नव्हे. सत्तरी ओलांडलेल्या, गालावरून पाणी चाललेल्या एका बापाचं हसू, लेकीनं न ऐकल्याचं. हसता हसता त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, नाक शिंकरलं, रुमालाची नीट घडी केली. मग पुन्हा माझ्याकडे कान केला.

"पुढे?" म्हणाले.

मी पुढे सांगू लागले.